हृदयाच्या झडपांचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झडपांबद्दलचे बहुतेक प्रश्न इकोचा (ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट हातात पडल्यावर सुरू होतात, म्हणून इथेही सुरुवात रिपोर्टपासूनच केली आहे. बसल्या जागी दम लागत असेल, किंवा चालता चालता शुद्ध हरपली असेल, तर वाचन नंतर करा, आधी डॉक्टर गाठा.

रिपोर्टवर 'ट्रिव्हियल एमआर, माइल्ड टीआर' लिहिलंय. हृदय खराब झालं का?

बहुतेक वेळा नाही. एमआर म्हणजे मायट्रल झडपेची गळती, टीआर म्हणजे ट्रायकस्पिड झडपेची. इकोचं यंत्र आता इतकं बारीक बघतं की ठणठणीत माणसाच्या झडपेतूनही थोडंसं रक्त मागे आलेलं त्यावर उमटतं. 'ट्रेस' आणि 'ट्रिव्हियल' हे शब्द नोंदीपुरते असतात. झडपेच्या पाकळ्या (उघडमीट करणारे पातळ पडदे) आणि हृदयाच्या कप्प्यांचे आकार नॉर्मल असतील तर ट्रायकस्पिडच्या 'माइल्ड' गळतीनेही झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

लक्ष द्यायचं ते दुसऱ्या शब्दांकडे. 'मॉडरेट' किंवा 'सीव्हिअर' लिहिलंय का? पाकळ्या जाड झाल्यात किंवा त्यांवर कॅल्शियम साठलंय का? डावा कप्पा मोठा झालाय का? फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलाय का? यातलं काही असेल तर रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरू नये.

पण ईएफ तर 60 टक्के आहे. मग डॉक्टर ऑपरेशनचं का बोलतात?

हा आकडा इथे चकवतो. ईएफ म्हणजे एका ठोक्यात डावा खालचा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते प्रमाण. मायट्रल झडप जोरात गळत असेल तर त्यातलं बरंचसं रक्त महाधमनीत न जाता मागे, कमी दाबाच्या कप्प्यात जातं. तिकडे ढकलायला जोर लागत नाही, म्हणून ईएफ प्रत्यक्षापेक्षा छान दिसतो. एरवी 60 टक्के म्हणजे उत्तम. पण मायट्रलच्या पाकळ्यांच्याच दोषामुळे गळती सीव्हिअर झालेली असेल, तर ईएफ 60 किंवा त्याखाली येणं ही स्नायू थकू लागल्याची खूण धरतात. 'ईएफ 50 च्या खाली गेला की बघू' असं ठरवून बसणाऱ्यांना नंतर ऑपरेशन करूनही पूर्वीची ताकद परत मिळेलच असं नाही.

झडपा करतात काय?

रक्त एकाच दिशेने पुढे जाऊ देतात, बाकी काही नाही. त्या चार आहेत. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये उजवीकडे ट्रायकस्पिड, डावीकडे मायट्रल. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या तोंडाशी पल्मनरी आणि महाधमनीच्या तोंडाशी एओर्टिक. मायट्रलला दोन पाकळ्या, बाकी तिघींना तीन. पाकळ्यांना स्वतःचा स्नायू नसतो. दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकाने त्या उघडतात आणि मिटतात. दिवसाला साधारण एक लाख वेळा. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी हृदयाची धकधक म्हणजे झडपा मिटतानाचा आवाज.

बिघाड किती तऱ्हेचे?

दोन. झडप नीट उघडत नाही, तिला स्टेनोसिस म्हणतात. किंवा नीट मिटत नाही, तिला रिगर्जिटेशन, साध्या भाषेत गळती. एकाच झडपेत दोन्ही असू शकतं. झडप अरुंद झाली की तिच्या मागच्या कप्प्यावर दाबाचा भार पडतो; गळू लागली की तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं आणि कप्पा हळूहळू पसरतो. डाव्या बाजूला दाब कितीतरी जास्त, म्हणून मोठे आजार बहुतेक मायट्रल आणि एओर्टिक झडपांचेच.

हे होतं कशाने?

वयाप्रमाणे कारण बदलतं. साठी-सत्तरीनंतर एओर्टिक झडपेवर कॅल्शियम साठून ती कडक होणं हे सगळ्यात नेहमीचं. इथे एक गैरसमज काढून टाकू: आहारातलं कॅल्शियम कमी केल्याने झडपेवरचं कॅल्शियम उतरत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी हे कडक होणं थांबेल अशी आशा होती, मोठ्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही.

पन्नाशीच्या आसपास एओर्टिक झडप कडक झालेली दिसली तर जन्मतःच तिला तीनऐवजी दोन पाकळ्या असण्याची शक्यता बरीच. शंभरातल्या एक-दोन जणांची झडप अशी असते आणि अनेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. मायट्रल झडपेची पाकळी मागे फुगणं, म्हणजे प्रोलॅप्स, साधारण दोन-तीन टक्के लोकांत सापडतं. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांची गळती पुढे वाढते, आणि क्वचित पाकळीला धरून ठेवणारी दोरी तुटून एकाएकी दम कोंडतो.

कधी झडप मुळात चांगली असते, पण हार्ट अटॅकनंतर किंवा हृदय पसरल्यामुळे पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत आणि गळती सुरू होते. याशिवाय झडपेला झालेला जंतुसंसर्ग, छातीवर पूर्वी दिलेले रेडिएशन, मार्फान सिंड्रोम हा जन्मजात आजार, ल्युपस (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार). आणि तरुण वयात मायट्रल झडप अरुंद झालेली असेल तर पहिला संशय रुमॅटिक तापावर.

घसा दुखल्याने झडप खराब होते हे खरं आहे?

खरं आहे, पण मधल्या पायऱ्या समजून घ्यायला हव्यात. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे जास्त. घसा चार दिवसांत बरा होतो आणि सगळे ते विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा सुजतो, मग मनगट. कधी हातपाय आपोआप झटके दिल्यासारखे हलतात आणि घरच्यांना वाटतं पोरगं वेडेवाकडे चाळे करतंय. जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. हाच रुमॅटिक ताप. सांधे पूर्ण बरे होतात. झडपेचं तसं नाही. पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, जाड होतात, आणि दहा-वीस वर्षांनी अरुंद मायट्रल झडप घेऊन तो माणूस किंवा, जास्त वेळा, ती बाई डॉक्टरांसमोर येते. 'लहानपणी काही झालं होतं का' या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच असतं.

घशाच्या त्या संसर्गावर वेळेत पेनिसिलिन मिळालं तर पुढची साखळी तुटते. एकदा रुमॅटिक ताप येऊन गेला असेल तर तो पुन्हा येण्याची भीती मोठी, आणि दर वेळी झडप आणखी खराब होते. म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. हृदयाला झळ लागली नसेल तरी किमान पाच वर्षं किंवा 21 वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे जास्त ते. झडपेत दोष राहिला असेल तर दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, कधी आयुष्यभर. सुई दुखते आणि मूल वरवर ठणठणीत दिसतं, म्हणून हे इंजेक्शन सुटतं. माझ्या मते या पानावरच्या सगळ्या उपचारांत सर्वात जास्त फायद्याचा आणि सर्वात जास्त दुर्लक्षित उपचार हाच.

लक्षणं कोणती?

चढावर किंवा जिन्यात धाप लागणं, लवकर थकवा, छातीत धडधड, आडवं झाल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागणं, रात्री श्वास कोंडून जाग येणं, पावलांवर सूज. एओर्टिक झडप अरुंद असेल तर श्रमाने छातीत दुखणं आणि चक्कर किंवा बेशुद्धी ही आणखी दोन.

यादी पाठ असूनही लोक फसतात, ते वेगळ्याच ठिकाणी. झडप वर्षानुवर्षं हळूहळू बिघडते आणि माणूस तिच्या बरोबरीने आपलं आयुष्य आखडतं घेतो. आधी जिना सुटतो, मग लांबचा रस्ता, मग पाण्याची बादली दुसऱ्याने उचलायची. विचारलं तर उत्तर येतं, 'त्रास काही नाही, वय झालंय.' म्हणून 'त्रास होतो का' हा प्रश्न उपयोगाचा नाही. दोन वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही असं काय, ते विचारा. आणि त्या व्यक्तीला नव्हे, तिच्यासोबत राहणाऱ्याला विचारा. 'आमच्याबरोबर चालताना हल्ली मध्येच फोन बघायला थांबतात' अशी एखादी गोष्ट सोबतच्या माणसालाच आठवते, आणि डॉक्टरांच्या लेखी ते लक्षणच असतं.

लक्षणं सुरू झाल्यावर किती दिवस थांबता येतं?

एओर्टिक झडप अतिशय अरुंद झालेली असेल आणि लक्षणं सुरू झाली असतील तर फार नाही. निरोगी एओर्टिक झडपेचं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर असतं. एक किंवा त्याहून कमी झालं की सीव्हिअर. अशा झडपेवर उपचार झाला नाही तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन वर्षांत निम्मे रुग्ण दगावतात. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. 'घरातलं कार्य उरकू दे, मग बघू' या वाक्याची खरी किंमत माहीत असावी म्हणून सांगतो. बाकीच्या झडपांत सहसा इतकी घाई नसते. पण बेशुद्धी कोणत्याही झडपेच्या रुग्णात आली तर त्याच दिवशी तपासणी.

डॉक्टरांना मर्मर ऐकू आला. आजार नक्की?

नाही. मर्मर म्हणजे रक्त खळखळत गेल्याचा जादा आवाज. वाढत्या वयाच्या मुलांत, तापात, रक्त कमी असताना, गर्भारपणात तो झडपा चांगल्या असूनही येतो. खात्री इकोने होते.

इकोशिवाय आणखी काय तपासतात?

ईसीजीत ठोक्यांची लय कळते. छातीवरून केलेल्या इकोत नीट दिसत नसेल तर नळी गिळायला लावून अन्ननलिकेतून इको करतात. हृदयाची मागची बाजू तिथून अगदी जवळ असते. ऑपरेशनआधी पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या माणसाची अँजिओग्राफी बहुधा होतेच, कारण रक्तवाहिनीत अडथळा असेल तर दोन्ही कामं एकदमच उरकता येतात. सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजता येतं.

सौम्य बिघाडात इको तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर एक-दोन वर्षांनी, सीव्हिअर पण लक्षणं नसतील तर सहा महिने ते वर्षाने. जुने रिपोर्ट टाकू नका. एका आकड्यापेक्षा तो आकडा कोणत्या वेगाने बदलतोय हे जास्त बोलतं.

गोळ्यांनी झडप बरी होते का?

नाही. अरुंद झडप उघडणारी किंवा गळकी झडप मिटवणारी गोळी अस्तित्वात नाही, आणि तसा दावा कुठल्याही पॅथीच्या नावाने कानावर आला तरी उत्तर तेच. मग गोळ्या कशाला? लघवी होण्याच्या गोळीने फुप्फुसातलं आणि पायांतलं पाणी उतरतं, ठोके काबूत ठेवणाऱ्या गोळीने अरुंद मायट्रलमधून रक्त जायला पुरेसा वेळ मिळतो, रक्त पातळ करणारी गोळी गुठळी रोखते. यांनी बरं वाटतं, आणि धोकाही तिथेच: बरं वाटलं म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली जाते. फक्त हृदय पसरल्यामुळे आलेली गळती याला थोडी अपवाद. तिथे हार्ट फेल्युअरच्या औषधांनी हृदय आक्रसलं की गळतीही कमी होऊ शकते.

दुरुस्ती चांगली की नवी झडप?

गळणारी मायट्रल झडप दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्ती. स्वतःची झडप राहते, रक्त पातळ करण्याची गोळी बहुतेकांना आयुष्यभर लागत नाही. सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: 'माझ्यासारख्या झडपेच्या दुरुस्त्या तुम्ही वर्षाला किती करता?' असं विचारण्यात उद्धटपणा नाही. दुरुस्ती हे हाताच्या सरावाचं काम आहे.

छाती न उघडता काम होतं का?

कित्येकदा होतं. रुमॅटिक तापाने चिकटलेली मायट्रल झडप जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन मोकळी करतात. जपानमधल्या कानजी इनोऊए यांनी 1982 मध्ये ही पद्धत सुरू केली. पाकळ्या लवचीक असतील, फार गळत नसतील आणि डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नसेल तर छान परिणाम मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

एओर्टिकसाठी टावी. जांघेतल्या धमनीतून घडी केलेली नवी झडप वर नेऊन जुन्या झडपेच्या आतच उघडतात. फ्रान्समधल्या रुआं इथे अलँ क्रिबिए यांनी 2002 मध्ये ती माणसात पहिल्यांदा बसवली. सुरुवातीला ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठी असलेला हा उपाय आता वयस्कर रुग्णांत नेहमीचा झाला आहे. त्यातही तोटे आहेत: काहींना नंतर पेसमेकर लागतो, आणि पन्नाशीतल्या माणसात ती किती वर्षं टिकेल हा हिशेब मांडावाच लागतो. गळक्या मायट्रलच्या दोन पाकळ्या मध्ये चिमटीने जोडण्याची सोयही आहे, पण निवडक रुग्णांसाठी.

धातूची झडप घ्यावी की ऊतीची?

1960 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांच्यासोबत बनवलेली, पिंजऱ्यात गोळी असलेली झडप बसवली, तेव्हापासून हा प्रश्न आहे. धातूची, म्हणजे आजची कार्बनची झडप सहसा आयुष्यभर झिजत नाही, पण रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी मरेपर्यंत. गाय किंवा डुकराच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला ती गोळी सहसा सुरुवातीचे काही महिनेच, मात्र दहा-पंधरा वर्षांत ती निकामी होते, आणि तरुण शरीरात त्याहून लवकर.

एओर्टिकबाबत ढोबळ रेघ अशी: पन्नाशीच्या आत धातूची, पासष्टीनंतर ऊतीची, मधल्या वयात चर्चा करून. पण आई होण्याचा विचार असलेल्या बाईसाठी, रक्तस्राव होणाऱ्यासाठी, किंवा रक्त तपासणीची सोय जवळपास नसलेल्या माणसासाठी ही रेघ हलते. वयापेक्षा 'ही गोळी शिस्तीत घेणं मला खरंच जमेल का' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर जास्त मोलाचं. धातूच्या झडपेची टिकटिक रात्रीच्या शांततेत ऐकू येते. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते.

रक्त पातळ करण्याच्या गोळीचं एवढं अवडंबर का?

कारण ती कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली पट्टी अरुंद आहे आणि ती आयएनआर नावाच्या रक्त तपासणीवर कळते. एओर्टिक जागी आधुनिक धातूची झडप असेल तर साधारण 2 ते 3, मायट्रल जागी 2.5 ते 3.5. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गोळी रोज एकाच वेळी. एक चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. पालेभाज्या बंद करायची गरज नाही. त्यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवायचं, एवढंच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं स्वतःच्या मनाने नकोत. कोणतंही अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर लवकर करून बघा, खूप औषधं तो वरखाली करतात.

'तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या मिळतात, त्या द्या' अशी मागणी होते. धातूच्या झडपेत त्या चालत नाहीत. त्यांतली डॅबिगाट्रान देऊन पाहिलेला अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. रुमॅटिक तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप आणि अनियमित ठोके असलेल्यांतही जुनी गोळीच, म्हणजे वॉरफरिनसारखीच, सरस ठरली.

टिकटिक अचानक मंद झाली आणि दम लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, शौच काळं झालं किंवा डोक्याला मार बसला तर थेट इस्पितळ.

झडप बसवलेल्या माणसाला ताप आला तर?

इथे एक सवय मोडायची आहे. ताप आला की दुकानातून अँटिबायोटिक आणून सुरू करायचं नाही. नव्या झडपेवर जंतू बसले असतील तर ते रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) सापडायला हवेत, आणि आधीच घेतलेल्या दोन-चार गोळ्यांनी ते सापडेनासे होतात. मग कोणत्या जंतूवर आठवडे न् आठवडे शिरेतून औषध द्यायचं हेच कळत नाही. पॅरासिटामॉल घ्या, डॉक्टरांना झडपेचं सांगा आणि आधी कल्चर पाठवायला सांगा.

दाढ काढणं, हिरड्यांचं काम, रूट कॅनाल याआधी कृत्रिम झडप असलेल्यांनी आणि पूर्वी झडपेला संसर्ग झालेल्यांनी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. मोठ्यांसाठी सहसा अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध. स्वतःची झडप नुसती थोडी गळत असेल तर आता याची गरज मानत नाहीत. दात रोज नीट घासणं मात्र सगळ्यांनाच लागू.

मूल होऊ द्यावं का?

आधी इको, मग निर्णय. गर्भारपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. गळक्या झडपा हे बऱ्यापैकी पेलतात, अरुंद झडपा नाही. अरुंद मायट्रल असलेल्या बाईला पहिल्यांदा दम लागतो तो पुष्कळदा पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि आजार तेव्हाच उघडकीला येतो. गरज पडली तर फुग्याचा उपचार गर्भारपणातही करतात, पण आधी करून घेतलेला कधीही बरा. धातूची झडप असेल तर प्रश्न गंभीर: वॉरफरिनने सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात दोष येऊ शकतात, आणि ते बंद केलं तर आईच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात सांगायचं. गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही.

ऑपरेशननंतर किती दिवस जपायचं?

छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे. तोवर जड उचलणं, ढकलणं, गाडी चालवणं नाही. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून. काही आठवडे भूक मंदावणं, झोप मोडणं, उगाच रडू येणं हे नेहमीचं आहे, आणि घरच्यांना ते आधी सांगितलेलं नसतं म्हणून ते घाबरतात. ताप, जखमेतून पाणी येणं, हाड हलल्यासारखं वाटणं मात्र लगेच दाखवा.

झडप बसवल्यावर एमआरआय करता येतो का?

हो, आजच्या बहुतेक सगळ्या झडपांना चालतो. झडपेचं कार्ड सोबत न्या.

भावंडांनी, मुलांनी तपासून घ्यावं का?

रुमॅटिक किंवा वयाने आलेल्या आजारात तशी गरज नाही. दोन पाकळ्यांची एओर्टिक झडप असेल तर सख्खी भावंडं आणि मुलं यांचा एकदा इको करून घेणं शहाणपणाचं. घरात आणखी कोणाची झडप तशी निघू शकते. अशा झडपेसोबत महाधमनीही रुंदावलेली असू शकते, म्हणून इको करणाऱ्याला झडपेबरोबर महाधमनीचं मापही घ्यायला आवर्जून सांगा.